सदतीस अंशांचा आलेख

त्रिशला मगदूमनं ती ओळ खोडली तेव्हा तिच्या डोक्यात भाचीचा साखरपुडा होता.

शुक्रवारची दुपार होती. सहाची जयसिंगपूरची गाडी गाठायची होती आणि यंत्राच्या पडद्यावर आलेख भलताच उमटला होता. हिंजवडीच्या त्या प्रयोगशाळेत ती सोळा वर्षं एकच काम करत आली होती. कुठल्या औषधाचा रेणू कुठल्या कड्यात किती घट्ट बसतो, हे मोजायचं.

कडं हा त्यांचा आपसातला शब्द. खरं नाव सायक्लोडेक्स्ट्रिन. नाव जड, वस्तू साधी. पिठात असते त्याच साखरेचे सात-आठ मणी गोलात जोडले की एक चुंबळ होते, मधे भोक असलेली. तिची बाहेरची बाजू पाण्यात रमते. आतली पोकळी मात्र पाण्यावर नाखूश. औषधांचे बरेचसे रेणू तेलकट, पाण्यात अवघडलेले. असा रेणू जवळ आला की त्या पोकळीत शिरतो आणि आसरा मिळाल्यासारखा बसून राहतो. बसताना किंचित ऊब सोडतो. त्रिशलाचं यंत्र तीच ऊब पकडायचं. शेंगदाण्याएवढ्या कुपीत कड्यांचं द्रावण, वरून बारीक सुईतून औषधाचा एकेक थेंब, आणि दर थेंबाला पडद्यावर एक टोक. पहिल्या थेंबांची टोकं उंच, कारण सगळ्या जागा रिकाम्या. जागा भरत जातात तशी टोकं बुटकी होत जातात. त्या उतारावरून पकडीचा आकडा निघतो.

या वेळचं कडं खास होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाला नुसतं झोपवत नाहीत; शिथिलक देऊन त्याचे स्नायूही ढिले करतात. त्यानं श्वासाचे स्नायूसुद्धा थांबतात, म्हणून तेवढा वेळ यंत्र श्वास देतं. शस्त्रक्रिया संपली की हे नवं कडं शिरेतून सोडायचं. मिनिटभरात ते शिथिलकाचे रेणू आपल्या पोकळीत कोंडून टाकी आणि पेशंट आपला आपण श्वास घ्यायला लागे. कोंडलेला शिथिलक मग कड्यासकट लघवीवाटे निघून जाई.

प्रश्न एकच होता. दुसरं एखादं औषध त्या कड्यात घुसून शिथिलकाला बाहेर ढकलेल का? त्यासाठी पन्नास औषधं तपासायची होती. एकेचाळीस क्रमांकावर एक नवं प्रतिजैविक होतं, तेव्हा बाजारात न आलेलं. त्रिशलानं शिथिलकानं भरलेल्या कड्यांवर त्याचे थेंब सोडले आणि टोकं उलटी गेली. ऊब सुटण्याऐवजी शोषली जात होती. म्हणजे आत बसलेला कुणीतरी जागा सोडत होता.

मग तिचं लक्ष तापमानाकडे गेलं. यंत्र सदतीस अंशांवर होतं; आधीच्या कुणीतरी तसंच ठेवलं होतं. नियमपत्रिकेत पंचवीस लिहिले होते.

विभागप्रमुख डॉ. ओझरकर उभ्या उभ्याच पडद्याकडे बघून म्हणाले, "तापमान चुकलंय. चाचणी बाद. पंचवीसवर पुन्हा घ्या."

"सर, पण शरीराचं तापमान सदतीसच असतं ना?"

"मग तसा अहवाल लिहा. सोमवारी समिती बसेल, त्यासाठी तुम्हाला थांबावं लागेल. बघा, तुमची मर्जी."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. पंचवीसवर चाचणी पुन्हा घेतली. या वेळी एकही टोक उलटं गेलं नाही. तिनं वहीतल्या आधीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली आणि गाडी गाठली.

साखरपुडा छान झाला.

*

दोन वर्षांत ते कडं देशभरातल्या शस्त्रक्रियागृहांत पोचलं.

सुमतीअक्का त्रिशलाहून बारा वर्षांनी मोठी. जयसिंगपुरात रस्त्याला लागून असलेल्या घराच्या पुढच्या खोलीत ती ब्लाउज शिवायची. दातांत टाचण्या धरलेल्या असल्या तरी तिचं बोलणं काही थांबायचं नाही. त्या दोघींची आई गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत गेली होती. भूल उतरलीच नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. त्रिशला तेव्हा आठ वर्षांची. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला एम.एस्सी. करण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं, पण दवाखान्याच्या पायरीवर मात्र ती लहान मुलीसारखी अडून बसायची. पित्ताशयातले खडे घेऊन तिनं तीन वर्षं काढली. कळ आली की मशीनवर डोकं टेकून बसायची, कळ गेली की पुन्हा शिवायला लागायची.

"पोट फाडा हवं तर," ती म्हणायची, "पण मला जागं ठेवा. भूल नको."

त्रिशला त्या दिवाळीला गेली तेव्हा तिनं अक्काचे दोन्ही हात हातात घेतले. "आता तशी भूल अंगात राहत नाही, अक्का. ती उतरवायचं औषध मी स्वतः मोजलंय. या हातांनी."

अक्कानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू मोजलंयस?"

"हो."

"मग चल."

मिरजेला शस्त्रक्रिया झाली. भूलतज्ज्ञ डॉ. शिरीन मुजावर म्हणून होत्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्रिशलाला बाहेर येऊन सांगितलं, "सगळं नीट झालं. डोळे उघडल्या उघडल्या म्हणाल्या, झालं व्हय? एकच आहे. मधुमेहानं मूत्रपिंडं एक-तृतीयांशच चालतात त्यांची. एरवी कडं दिवसभरात बाहेर पडतं, यांना पंधरा दिवस लागतील. पण शिथिलक कोंडलेलाच आहे, त्रास नाही."

"त्रास नाही," त्रिशला म्हणाली. तिला अभिमानच वाटत होता.

घरी सोडताना रुग्णालयानं अक्काच्या मनगटावर एक पट्टा बांधला. नाडी, ताप, प्राणवायू, झोप, सगळं तो मोजायचा आणि घरच्यांच्या फोनवर दाखवायचा. तिसऱ्या दिवशी त्रिशला पुण्याला परतली.

*

शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी सकाळी डॉ. ओझरकरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. विदर्भातल्या एका रुग्णालयाचं पत्र आलं होतं. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेले दोन पेशंट, एक सहाव्या दिवशी आणि एक आठव्या, झोपेत गेले होते. दोघांनाही हेच कडं दिलेलं होतं.

"आपला काही संबंध नाही," ओझरकर म्हणाले. "पण फाइल मागतील. सगळे कागद एकदा नजरेखालून घाला."

पत्राला जोडलेली कागदपत्रं तिनं जागेवर येऊन वाचली. दोघांची मूत्रपिंडं अधू. दोघांच्याही जखमेत पू झाला होता, ताप होता. दोघांनाही पिवळी कॅप्सूल सुरू केली होती.

जुनी प्रतिजैविकं बोथट झाल्यापासून वर्षभरात ही पिवळी कॅप्सूल घराघरांत पोचली होती. त्रिशलानं तिचं रासायनिक नाव पाहिलं आणि वही काढली. एकेचाळीस.

त्या रेघेखालचे आकडे अजून वाचता येत होते.

तिनं कुणाला विचारलं नाही. यंत्र साडेएकोणचाळीसवर लावलं, पाण्याऐवजी रक्तासारखं खारं द्रावण घेतलं आणि पिवळ्या कॅप्सूलची मात्रा शरीरात असते तेवढी ठेवली, शिथिलकाच्या कित्येक पट. दोन वर्षांपूर्वी नियमपत्रिकेनं दोघांना समसमान ठेवलं होतं. थेंब पडायला लागले. पहिलं टोक उलटं. दुसरं उलटं. तिसरं, चौथं, पाचवं. ती खुर्चीत मागं सरकली.

आता सगळं उघड दिसत होतं. शिथिलक कड्यात बसताना खूप ऊब सोडतो. अशा पकडी तापमान वाढलं की ढिल्या होतात. पिवळं औषध ऊब न सोडता बसतं, नुसतं पाण्यापासून पळून. त्याला तापाचं काहीच वाटत नाही. पंचवीस अंशांवर शिथिलक घट्ट. सदतीसवर जरा सैल. ताप चढला की हातून सुटायला आलेला, आणि बाहेर पिवळ्या रेणूंची झुंड. निरोगी माणसाला धोका नाही, त्याच्या अंगात कडं राहिलेलंच नसतं. ज्याची मूत्रपिंडं अधू, ज्याची जखम चिघळली, ज्याला ताप आला, त्यालाच डॉक्टर ही कॅप्सूल देणार. आणि मग तो शुद्धीत असतानाच शिथिलक मोकळा होणार.

तेव्हा तिला अक्का आठवली. आठवली असं म्हणणंही खरं नाही. ती पत्र वाचत होती तेव्हापासून अक्का तिच्या मनाच्या दाराशी उभी होती, तिला आत घ्यायचं धाडस होत नव्हतं.

तिनं फोनवर अक्काच्या पट्ट्याचं पान उघडलं. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

*गाढ झोप. ताप ३९.४. नाडी १३८. प्राणवायू ९०.*

गाढ झोपेत नाडी एकशे अडतीस नसते.

*

फोन दाजींनी उचलला. अक्काचे यजमान, बाळगोंडा पाटील, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, लाजाळू, मऊ बोलणारे.

"त्रिशला व्हय? अगं, आवाज हळू कर. रातभर तापानं तळमळली. आत्ता कुठं डोळा लागलाय."

"दाजी, पिवळी कॅप्सूल दिली तिला?"

"व्हय, कालपासनं. टाक्याला पू झालता म्हणून हितल्याच डॉक्टरनं दिली. आज सकाळी एक, आता जेवल्यावर एक. लई गुण आहे बघ, कशी निवांत..."

"तिला हाक मारा."

"झोपू दे की, बाई."

"दाजी! हाक मारा. हलवा तिला."

पलीकडे पावलं वाजली. "सुमे. ए सुमे." मग जरा मोठ्यानं. मग बराच वेळ काही नाही. "उठंना झाल्या," दाजी म्हणाले. "हात उचलला तर तसाच खाली पडालाय."

"डोळे बघा. मिटलेत?"

"अर्धे उघडेत." ते थांबले. "डोळ्यातनं पाणी यालंय गं तिच्या."

"दाजी, फोनचा आवाज मोठा करा आणि फोन तिच्या उशाशी ठेवा. आता नीट ऐका. ती झोपलेली नाही. तिला सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय. तिला फक्त हलता येत नाही. श्वाससुद्धा घेता येत नाही. तो तुम्ही द्यायचा."

"मी?"

"तिची हनुवटी वर करा, डोकं मागं. नाक चिमटीत धरा. तिच्या तोंडावर तोंड ठेवून फुंका. छाती वर आली पाहिजे. मग सोडा, पाच आकडे मोजा, पुन्हा फुंका."

"अगं, पुढचं दार उघडंय, बायका ब्लाउज न्यायला आल्यात..."

"दाजी, ती गुदमरतीय."

यानंतर त्या माणसानं एक अक्षर उच्चारलं नाही. फोनमधून तिला फुंकल्याचा आवाज ऐकू आला. मग कुणा बाईचं "अगं बाई, हे काय" असं ओरडणं. मग पुन्हा फुंकणं. पट्ट्यावरचा आकडा सत्त्याऐंशीवर गेला होता. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद.

दुसऱ्या फोनवरून तिनं रुग्णवाहिका मागवली. उड्डाणपुलाचं काम चालू होतं, गाडीला अर्धा तास लागेल म्हणाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस अर्धा तास दोघांपुरता श्वास घेणार होता.

"तिथं आणखी कोण आहे?" ती ओरडली.

"मी कौसर, शेजारची," एका बाईचा आवाज आला. "काय करू सांग."

कौसरचं थंड पेयांचं दुकान होतं. त्रिशलाच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. रेणू तेच होते, कडी तीच होती. ताप उतरला तर तीच पकड पुन्हा घट्ट व्हायला हवी. सगळा शिथिलक कोंडायची गरज नव्हती. श्वासाचा पडदा, छातीखालचा तो स्नायू, चिवट असतो. शिथिलकानं त्याचे दहातले नऊ दरवाजे बंद केले तरी उरलेल्या एकावर तो हलतो. अक्का त्या उंबरठ्याच्या जरा पलीकडे गेली होती. तिला जरासंच अलीकडे ओढायचं होतं.

"कौसरभाभी, बर्फ आणा. दुकानात असेल तेवढा. काखेत, मानेला, जांघेत लावा. अंगावर ओली चादर टाका, पंखा लावा. तिला गार करा."

"तापाच्या बाईला बर्फ?"

"हो! मी सांगते तसं करा."

बर्फाच्या लाद्या फुटल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा. बायकांची धावपळ. मधून मधून दाजींचं फुंकणं, आता धापा टाकत. पट्टा सांगत होता, ३९.३. ३९.१. आणि खाली अजून तेच : *गाढ झोप.*

"अक्का," त्रिशला म्हणाली. "अक्का, मी आहे. तुला ऐकू येतंय, माहितीय मला. घाबरू नकोस. दाजी तुला सोडणार नाहीत. हे उतरतं. नक्की उतरतं." ती थांबली. पुढचं तिनं ठरवून बोललं नाही. कोंडलेलं काहीतरी आपोआप सुटलं. "माझी चूक आहे, अक्का. मला दिसलं होतं. दोन वर्षांपूर्वीच दिसलं होतं मला आणि मी ते खोडलं."

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं तिच्याकडे बघत होती. काचेच्या केबिनमध्ये ओझरकर उभे राहिले होते.

३८.६. दाजींना चक्कर आली. कौसरनं त्यांना बाजूला सारलं आणि आपण फुंकायला लागली. ३८.२. एकोणतिसाव्या मिनिटाला कौसर म्हणाली, "थांबा. कुणी हात लावू नका." सगळं घर गप्प झालं.

"पोट हललं," कौसर म्हणाली. "आपलं आपण हललं."

*

मिरजेच्या रस्त्यावर असतानाच त्रिशलाचं डॉ. मुजावरांशी बोलणं झालं. अक्काला यंत्रावर घेतलं होतं. मुजावर कड्याची दुसरी मात्रा द्यायच्या तयारीत होत्या, नेहमीएवढी.

"ती पुरणार नाही," त्रिशला म्हणाली. "रक्तात पिवळं औषध खच्चून भरलंय. नव्या कड्यांमधल्या निम्म्याहून जास्त जागा तेच खाईल. चौपट द्या."

"चौपट आजवर कुणी दिलेली नाही. कागदावर कुठं आहे हे?"

"कागद मीच खोडलाय, डॉक्टर. मी आकडे सांगते, ते लिहून घ्या. माझ्या नावावर लिहा."

"सांगा," मुजावर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या घशातली नळी काढली. त्रिशला आत गेली तेव्हा ती उशाला टेकून बसली होती. आडवी व्हायला तिनं साफ नकार दिला होता. तिची बोटं पांघरुणावर सारखी हलत होती, उघडमीट, उघडमीट.

"मला सगळं ऐकू येत हुतं," ती म्हणाली. आवाज घोगरा होता. "ह्यांनी दार लोटलं, पंखा बारीक केला. म्हणाले, झोप निवांत. मी आतनं बोंब मारालीय आणि हे पांघरूण घालालेत." तिनं थुंकी गिळली. "मग तुझा फोन आला. तू बोललीस ते बी ऐकलं."

त्रिशला स्टूल ओढून शेजारी बसली.

"का खोडलंस?"

खोटी कारणं बरीच होती. नियमपत्रिका होती, साहेब होते. "साखरपुड्याची गाडी चुकली असती," ती म्हणाली.

अक्कानं तोंड भिंतीकडे केलं. त्रिशला स्टुलावर बसून राहिली. परिचारिका येऊन गेली, सलाइन बदलून गेली. बऱ्याच वेळानं अक्का भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली.

"हे औषध आणि कुणाला दिलंय?"

"महिन्याला चार-पाच हजार लोकांना."

"त्यांच्या घरी फोन कोण करालंय?"

"अजून कुणी नाही."

"मग हितं काय बसलीयास?"

बाहेर आल्यावर ओझरकरांचा फोन आलाच. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "तुमची बहीण बरी आहे हे ऐकून बरं वाटलं. सोमवारी संचालकांची बैठक आहे. तोवर कुणाशी बोलू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही आहे, आणि त्या वहीतही तुमचीच आहे, माझी नाही. कळतंय ना, मी काय म्हणतोय?"

कळत होतं. नोकरी जाईल, ती भीती लहान होती. दोन माणसं मेली होती आणि रेघेशेजारी तिचं नाव होतं. सोमवारला तीन दिवस होते. तीन दिवसांत किती जणांना ताप चढेल, किती जण जेवणानंतर पिवळी कॅप्सूल घेऊन आडवे होतील, किती घरांत कुणीतरी दार हळूच लोटून घेईल, हा हिशेब तिला करता येत होता आणि करवत नव्हता.

मुजावरांच्या खोलीत बसून तिनं दोन्ही आलेख, पंचवीसचा आणि साडेएकोणचाळीसचा, औषध नियंत्रकांना, भूलतज्ज्ञांच्या संघटनेला आणि चार वर्तमानपत्रांना पाठवले. खाली लिहिलं : सदतीस अंशांवरचं निरीक्षण मी दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं आणि खोडलं. पूर्ण नाव लिहिलं.

मग दोघी मुजावरांची यादी घेऊन बसल्या. त्या महिन्यात त्यांनी स्वतः कडं दिलेले त्रेसष्ट पेशंट. ताप आहे का? पिवळी कॅप्सूल घेता का? घेऊ नका, आत्ता थांबवा, दवाखान्यात या. काहींनी शिव्या दिल्या, काहींना वाटलं फसवणुकीचा फोन आहे. एक म्हातारा म्हणाला, कॅप्सूल हातातच आहे, टाकून देतो. बाविसावा फोन शिरोळच्या एका घरी लागला. फोन उचलणाऱ्या मुलीनं सांगितलं, आई परवाच गेली. दुपारी पडली होती, झोपेतच. त्रास झाला नाही काही, पुण्यवान होती.

मुजावरांनी फोन खाली ठेवला आणि त्या हातांत तोंड लपवून बसल्या. त्रिशलानं तेविसावा नंबर लावला.

*

पिवळी कॅप्सूल आणि कडं, दोन्ही चौथ्या दिवशी थांबवण्यात आली. शोध घेतल्यावर देशभरात तशी एकोणीस मरणं सापडली. न सापडलेली किती, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. झोपेत गेलेल्या माणसाची चौकशी कोण करतं?

अडीच महिन्यांनी पुण्यात चौकशी सुरू झाली. पहिल्या दिवशी ओझरकर बोलले. तांत्रिक चाचणीचा निर्णय तंत्रज्ञाचा असतो, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी साक्षीला अक्का आली, दाजींना बरोबर घेऊन. या अडीच महिन्यांत ती त्रिशलाशी चार शब्द बोलली नव्हती. ती बारीक झाली होती. खुर्चीत बसायला सांगितलं तर म्हणाली, उभी राहते, मला बसलं की अंग जड होतंय असं वाटतंय.

अधिकारी मध्यमवयाचे, सौम्य होते. "तुम्हाला नेमकं काय जाणवलं, तुमच्या शब्दांत सांगा."

अक्कानं जरा विचार केला. "मी जित्ती हुते," ती म्हणाली, "आणि घरात ते कुणालाच माहीत नव्हतं."

लिहिणाऱ्याची बोटं थांबली. दाजी खाली बघत होते.

"अजून काही?"

"जे गेले त्यांच्या घरच्यांना वाटतंय, सुखानं गेले. त्यांना माझं हे सांगू नका. किंवा सांगा. मला ते ठरवता येईना."

अधिकाऱ्यांनी कागद उलटला. "त्रिशला मगदूम तुमच्या सख्ख्या भगिनी. त्यांनी तुमचा जीव वाचवला, पुढं स्वतःहून माहिती दिली, हेही नोंदीत आहे. त्यांच्याबद्दल तुमची काही तक्रार आहे का?"

त्रिशला समोरच्या बाकावर होती. तिनं मान वर केली नाही.

"आहे," अक्का म्हणाली. "लिहून घ्या. तिला दिसलं हुतं आणि तिनं खोडलं. माझ्याच लेकीच्या साखरपुड्याला यायला खोडलं, तरी बी खोडलंच. शिरोळच्या बाईचं कोण बोलणार? म्हणून मी बोलते. तक्रार आहे."

सगळं लिहून झालं. अक्कानं ते वाचायला मागितलं, सावकाश वाचलं आणि सही केली.

दुपारी त्रिशला बाहेर आली तेव्हा अक्का जिन्याच्या तोंडाशी उभी होती. दाजी रिक्षा बघायला खाली गेले होते.

"तुझं किती दिवस चालंल हे?" अक्कानं विचारलं.

"अजून आठवडाभर. मग बहुतेक खटला होईल."

"तवर मी तुझ्याकडंच राहते. एकटी नको राहूस." अक्कानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण एका खोलीत निजायचं. दिवा चालू ठेवून. मी झोपल्या का जागी हाय, ते तू बघायचं. हात लावून बघायचं. ह्यांना आता भ्या वाटतंय माझ्याजवळ निजायला, आणि मला दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई."

"माझा आहे?"

"तुझा बी न्हाई," अक्का म्हणाली. "पण तुला आता कळतंय, काय बघायचं ते."

दोघी जिना उतरायला लागल्या. दर पायरीवर अक्का थांबायची, पायाची बोटं चपलेत हलवून बघायची आणि मगच पुढचं पाऊल टाकायची.